वाढवायची की पुरवायची?

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)



औषधाच्या दुकानात गल्ल्याशेजारी एक फळी असते. पूर्वी तिच्यावर खोकल्याच्या गोळ्या, दाढीची पाती आणि बाळाची पावडर असायची. २०२० च्या साथीत तिथे क जीवनसत्त्वाच्या चघळायच्या गोळ्या, झिंकच्या गोळ्या, ड जीवनसत्त्वाच्या पुड्या आणि काढ्याची पाकिटं येऊन बसली. साथ ओसरली, पण ही मंडळी काही तिथून उठली नाहीत. बहुतेकांवर एकच वाक्य निरनिराळ्या अक्षरांत छापलेलं असतं: रोगप्रतिकारशक्ती वाढवा.

मी डॉक्टर नाही. शब्दांशी खटपट करणारा माणूस आहे, त्यामुळे माझं लक्ष आधी क्रियापदाकडे जातं. ‘वाढवा’. पगार वाढवावा, ओळखी वाढवाव्यात, हे कळतं. पण रोगप्रतिकारशक्ती वाढवायची म्हणजे नेमकं काय वाढवायचं? ती काही एका डब्यात भरून ठेवलेली वस्तू नाही. हाडांच्या मगजात तयार होणाऱ्या पांढऱ्या पेशी, छातीच्या हाडामागची थायमस नावाची लहानशी ग्रंथी, प्लीहा, मानेतल्या-काखेतल्या गाठी, नाकातला शेंबूड, पोटातलं आम्ल, आतड्याचं अस्तर आणि अंगावरची कातडी, एवढ्या सगळ्यांचा मिळून तो संसार आहे. आणि त्याचं काम नुसतं मारण्याचं नाही. कुणाला मारायचं नाही, हे ओळखणं तितकंच महत्त्वाचं. ही ओळख चुकली आणि व्यवस्था परागकणांवर धावून गेली की शिंका आणि दमा. आपल्याच सांध्यांवर उलटली की आमवात. करोनाच्या कित्येक गंभीर रोग्यांत तर शरीराच्या स्वतःच्याच भडक्यानं फुफ्फुसांची हानी केली. म्हणून त्यांना डेक्सामेथासोनसारखं, तो भडका दाबणारं औषध द्यावं लागलं. ज्या महिन्यांत आपण दुकानातून ‘वाढवण्याच्या’ गोळ्या आणत होतो, त्याच महिन्यांत अतिदक्षता विभागात डॉक्टर तीच गोष्ट आवरण्याच्या खटपटीत होते.

तेव्हा क्रियापद बदलू या. जीवनसत्त्वं आणि खनिजं प्रतिकारशक्तीसाठी जे करतात, त्याला ‘पुरवणं’ म्हणावं. कमी असेल ते पुरवलं तर फरक पडतो, कधी कधी जीव वाचण्याइतका. पुरेसं असताना आणखी ओतलं तर बहुधा काही होत नाही, आणि कधी कधी अपाय होतो. एवढंच मला आज सांगायचं आहे. पण ते कशावरून, हे सांगायला थोडं दूर जावं लागेल, थेट तैग्रिस नदीच्या काठावर.

पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, इंग्रजांची एक फौज कुत-अल-अमारा या गावात अडकली. १९१५ च्या डिसेंबरात तुर्कांनी वेढा घातला आणि १९१६ च्या २९ एप्रिलला फौजेनं शरणागती पत्करली. ही फौज होती सहावी, म्हणजे ‘पूना डिव्हिजन’. तिच्यात मराठा पलटणी होत्या, पंजाबी होते, गुरखे होते आणि गोरे सोल्जरही होते. एकाच वेढ्यात, एकाच गावात, एकाच सेनापतीच्या हुकुमाखाली ही माणसं उपाशी पडत गेली. पण आजार मात्र दोघांना वेगवेगळे झाले. गोऱ्यांना झाला बेरीबेरी: पायांतलं बळ जातं, अंगावर सूज येते. हिंदी शिपायांना झाला स्कर्व्ही: हिरड्या सुजून रक्त येतं, जुन्या जखमा उकलतात, नवी जखम भरत नाही.

कारण ताटात होतं. गोरे शिपाई पांढऱ्या मैद्याचा पाव खात होते. मैद्यातून गव्हाचा कोंडा आणि अंकुर निघून गेलेला, त्याबरोबर ब-१ जीवनसत्त्वही गेलेलं. आपले शिपाई आट्याच्या रोट्या खात होते म्हणून बेरीबेरीतून वाचले. पण ताजी भाजी नाही, फळ नाही. गोऱ्यांना खेचरं-घोडी कापून त्यांचं ताजं मांस मिळत होतं, त्यातून थोडं का होईना क जीवनसत्त्व पोटात जात होतं. हिंदी शिपायांपैकी पुष्कळांनी घोड्याचं मांस खायला नकार दिला. हिंदुस्थानातून धर्मगुरूंची परवानगी मागवून झाली, तरी बरेच जण शेवटच्या आठवड्यांपर्यंत तयार झाले नाहीत. पुढे गोऱ्यांचा मैदा संपला, त्यांच्याही वाट्याला आटा आला, आणि त्यांचा बेरीबेरी हटू लागला. कुणी ठरवून केलेला प्रयोग नव्हता हा, पण प्रयोगशाळेत याहून स्वच्छ काय दिसणार?

या गोष्टीचा उरलेला भाग मला जास्त आवडतो. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक नावाची एक शास्त्रज्ञ बाई होती. सैन्याला रसद काय द्यावी म्हणजे हे दोन्ही रोग टळतील, याचा तिनं आणि तिच्या सहकाऱ्यांनी त्याच काळात शोध घेतला. कोरड्या कडधान्यात क जीवनसत्त्व जवळजवळ नसतंच. पण तेच धान्य भिजवून त्याला मोड आणले की ते तयार होतं. म्हणजे डाळीऐवजी अख्खं कडधान्य आणि थोडं पाणी. मोडाची मटकी! आपल्या कुठल्याही घरात ओल्या फडक्यात बांधून ठेवलेली असते ती. त्या वेढ्यातल्या मराठा शिपायांच्या आया घरी ती रोज करत असतील. फक्त ती शिजवताना झाकण ठेवावं आणि फार वेळ रटरटवू नये, कारण क जीवनसत्त्व उष्णतेनं नासतं आणि पाण्यात विरघळतं. उसळीवर वरून लिंबू पिळण्याची जी आपली रीत आहे तिला त्यामुळे चवीपलीकडचाही अर्थ आहे.

आता याच क जीवनसत्त्वाची दुसरी बाजू. लायनस पॉलिंग हा विसाव्या शतकातल्या मोठ्या रसायनशास्त्रज्ञांपैकी एक. दोन नोबेल पारितोषिकं, १९५४ चं रसायनशास्त्राचं आणि १९६२ चं शांततेचं, आणि दोन्ही एकट्याची. त्यानं १९७० मध्ये पुस्तक लिहून सांगितलं, की क जीवनसत्त्व भरपूर खा, सर्दी जवळ येणार नाही. जग धावत सुटलं. त्यानंतर हजारो माणसांवर चाचण्या झाल्या. सगळ्यांचा मिळून निष्कर्ष असा, की रोज गोळी घेणाऱ्या सर्वसाधारण माणसाला सर्दी तितक्याच वेळा होते. झालीच तर मोठ्यांची सुमारे ८ टक्के लवकर बरी होते. सात दिवसांची सर्दी साडेसहा दिवसांत आटोपली, असं समजा. मॅरेथॉन धावणारे, बर्फात कवायत करणारे शिपाई अशा अतोनात कष्टाच्या माणसांना मात्र खरा फायदा दिसला, त्यांच्या सर्दीचं प्रमाण निम्म्यावर आलं. बाकीच्यांची जास्तीची मात्रा लघवीवाटे निघून जाते आणि काहींच्या मूत्रपिंडात खडे ठेवून जाते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार पुरुषाला दिवसाला ८० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व पुरतं. एका मध्यम पेरूत त्याहून अधिक असतं. नोबेल मिळालेल्या माणसाचंही सगळंच खरं नसतं. कवींना हे आधीपासून ठाऊक आहे.

अ जीवनसत्त्वाची कथा अधिक गंभीर आहे. डोळे, घसा, श्वासनलिका, आतडं या सगळ्यांचं ओलं अस्तर त्याच्यावर टिकतं. ते कमी पडलं की आधी संध्याकाळी दिसेनासं होतं, रातांधळेपणा येतो, आणि अस्तर सुकलं की जंतूंना दार उघडं. रातांधळेपणावर यकृत उपयोगी पडतं, हे प्राचीन इजिप्तच्या वैद्यांना माहीत होतं आणि आपल्या सुश्रुतालाही. आमच्याकडे बकरी ईदला कुर्बानी झाली की सगळ्यात आधी चुलीवर कलेजी चढते. कारण ती लवकर शिजते, बाकी काही नाही. पण अ जीवनसत्त्वाचं आणि लोहाचं एवढं भरलेलं दुसरं ताट वर्षात क्वचितच होत असेल. (गरोदर बाईनं मात्र कलेजी बेतानं खावी, अ जीवनसत्त्व अति झालं तर गर्भाला धोका असतो.)

१९८० च्या दशकात आल्फ्रेड सॉमर या डॉक्टरला इंडोनेशियात दिसलं, की अ जीवनसत्त्व दिलेल्या मुलांत मृत्यू सुमारे एकतृतीयांशानं कमी होतात. लोकांचा विश्वास बसेना. मग १९९० मध्ये तामिळनाडूतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे सुमारे १५ हजार मुलं होती. आठवड्याला एक लहान मात्रा, म्हणजे साध्या चांगल्या जेवणातून जेवढं मिळालं असतं साधारण तेवढंच. मृत्यू निम्म्याहून अधिक घटले. गोवर आणि जुलाब होतच होते, पण मुलं त्यांतून उठत होती. ‘पुरवणं’ म्हणतो ते हे. पुढे उत्तर प्रदेशात दहा लाख मुलांवर मोठा अभ्यास झाला, २०१३ मध्ये तो छापून आला, आणि त्यात फरक अगदीच किरकोळ निघाला. त्याच्या कारणांवर तज्ज्ञ अजून भांडतात. माझ्यासारख्याला त्यातून एवढं समजतं, की हे औषध भुकेच्या प्रमाणात काम करतं. जिथे खड्डा खोल, तिथे भर दिसते.

आणि जिथे खड्डाच नाही तिथे? फिनलंडमध्ये २९ हजार सिगरेट ओढणाऱ्या पुरुषांवर प्रयोग झाला. गाजरातलं बीटा कॅरोटीन, ज्याचं शरीरात अ जीवनसत्त्व होतं, ते गोळीतून दिलं तर फुफ्फुसाचा कर्करोग टळेल अशी आशा होती. १९९४ मध्ये निकाल आला: गोळी घेणाऱ्यांत कर्करोग १८ टक्के जास्त. गाजर तेच, पण गोळी झाल्यावर त्याचा स्वभाव बदलला. लोहाचंही असंच आहे. लोह आपल्या पेशींना लागतं तसं जंतूंनाही लागतं; म्हणून तर ताप आला की शरीर आपलं लोह लपवून ठेवतं. टांझानियाच्या पेम्बा बेटावर, जिथे मलेरिया पाचवीला पुजलेला, तिथे सरसकट सगळ्या लहान मुलांना लोह दिल्यावर आजार आणि मृत्यू वाढले. २००६ मध्ये हे प्रसिद्ध झालं. याचा अर्थ आपल्या पांडुरोगी मुलींनी लोहाची गोळी टाळावी असा मुळीच नाही. देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, असं २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आढळलं. त्यांना ती हवीच. रक्त तपासून, सांगितली तेवढी.

झिंकचा, म्हणजे जस्ताचा, शोध लागला त्यात आपला एक माणूस आहे. बिहारमधल्या बक्सरचे डॉ. आनंद प्रसाद १९६० च्या आसपास इराणमध्ये शिराझला काम करत होते. तिथे त्यांना विशीतले तरुण भेटले, दिसायला दहा वर्षांच्या मुलांएवढे. नुसती बिनखमिराची रोटी खायची आणि माती चावायची. गव्हाच्या कोंड्यातलं फायटेट नावाचं द्रव्य जस्ताला धरून ठेवतं, अंगी लागू देत नाही. अशी माणसं वारंवार आजारी पडत, कारण जस्तावाचून थायमस ग्रंथी आणि तिथे तयार होणाऱ्या पेशी दुबळ्या राहतात. पीठ आंबवलं, धान्याला मोड आणले, की फायटेट कमी होतं. आंबोळी, इडली, खमिरी रोटी, पुन्हा तीच मटकी. जुलाब झालेल्या बाळाला जलसंजीवनीबरोबर १० ते १४ दिवस झिंक द्यावं, असं जागतिक आरोग्य संघटना २००४ पासून सांगते आहे. हा या धातूचा सर्वांत खात्रीचा उपयोग, आणि सर्वांत स्वस्त. उलट महिनोन्महिने मोठी मात्रा घेत राहिलं तर अंगातलं तांबं कमी होतं, हे त्या फळीवरच्या डबीवर ठळक छापलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

‘पण आमचं नैसर्गिक आहे’ असं सांगणारे असतातच. नैसर्गिक तर धोत्राही आहे. मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये सहा रोग्यांची माहिती प्रसिद्ध केली. साथीच्या भीतीनं गुळवेल घेत राहिलेले आणि यकृताला सूज येऊन कावीळ झालेले. आयुष मंत्रालयानं त्यावर हरकत घेतली, ओळखायला सारखी दिसणारी दुसरी वेल असू शकते असं म्हटलं. वाद असो. पण बाजारातल्या पुडीत नेमकी कुठली वेल आहे हे घेणाऱ्याला कळत नाही, हे तर दोन्ही बाजूंनी खरं ठरतं. आमच्या मोहल्ल्यात कलौंजीच्या तेलाची बाटली घरोघर असते. मृत्यू सोडून प्रत्येक आजारावर तिच्यात शिफा आहे, या वचनावर लोकांची श्रद्धा आहे आणि माझ्या मनात तिचा आदर आहे. राग आहे तो ते वचन लेबलावर छापून शंभराची वस्तू पाचशेला विकणाऱ्याचा. तसाच खजुराचा गैरसमज. उपवास सोडताना खजुरानं चटकन तरतरी येते ती त्यातल्या साखरेनं. लोह त्यात लोक समजतात तेवढं नसतं; बाळंतिणीच्या हळिवाच्या लाडवात किती तरी जास्त असतं.

ड जीवनसत्त्वाबद्दल थोडक्यात. दिवसभर घरात किंवा कचेरीत असणाऱ्यांना, अंग पूर्ण झाकून वावरणाऱ्या बायकांना, म्हाताऱ्यांना ते बरेचदा कमी पडतं, आणि फार कमी असेल तर श्वासाचे आजार वाढतात. तपासून घ्यावं. पण ६० हजार युनिटची पुडी बहुधा आठवड्याला एक, काही आठवडे अशी लिहून दिलेली असते; ती रोज घेतली तर रक्तात कॅल्शियम साचून मूत्रपिंडं बिघडतात. असे रोगी आपल्याकडच्या डॉक्टरांनी पुष्कळ पाहिले आहेत.

प्रतिकारशक्तीसाठी एक क्रियापद अजून राहिलं: शिकवणं. ते लस करते. तिला पर्याय असलेली गोळी कुठल्याच फळीवर नाही.

आता झारखंडला येऊ. डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांनी, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मदतीनं, २०१९ ते २०२२ या काळात तिथे क्षयरोग्यांच्या घरांमध्ये एक अभ्यास केला. क्षय हा प्रतिकारशक्तीचा खरा पेपर आहे. जंतू कित्येकांच्या अंगात झोपून असतो. शरीर खंगलं की उठतो. २८०० रोगी होते आणि त्यांच्या घरची १०,३४५ माणसं. सगळ्या रोग्यांना शिधा मिळाला. पण निम्म्या गटात घरच्या माणसांनाही दर महिन्याला माणशी ५ किलो तांदूळ आणि दीड किलो तूरडाळ दिली, सोबत जीवनसत्त्वं-खनिजांची गोळी. उरलेल्या गटातल्या घरच्यांना ते मिळालं नाही. निकाल २०२३ मध्ये आला. शिधा मिळालेल्या घरांत नव्यानं क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी होतं. आणि जो खोकल्यातून पसरतो तो फुफ्फुसाचा क्षय तर ४८ टक्क्यांनी कमी. एखाद्या लशीला असं यश मिळालं असतं तर पेपरांनी पहिलं पान दिलं असतं. रोग्यांतही ज्यांचं वजन पहिल्या दोन महिन्यांत ५ टक्क्यांनी वाढलं, त्यांच्यात मरण्याचं प्रमाण सुमारे ६० टक्के कमी दिसलं.

त्या पिशवीत गोळी होती हे मी मुद्दाम सांगितलं. गोळीशी माझं वैर नाही. पण ती तांदूळ आणि डाळीच्या सोबतीनं आली होती. प्रथिनांवाचून थायमस ग्रंथी सुकते, पांढऱ्या पेशी घडत नाहीत. तिथे एकट्या गोळीनं काय करावं? सरकार क्षयरोग्याला २०१८ पासून पोषणासाठी महिन्याला ५०० रुपये देत होतं. २०२४ च्या नोव्हेंबरपासून ते १००० झाले. हे पैसे रोग्याच्या खात्यात येतात. त्याच ताटात जेवणाऱ्या बायकोचं आणि पोरांचं काय, हा झारखंडच्या अभ्यासानं विचारलेला प्रश्न आहे. तुमच्या ओळखीत, कामावर येणाऱ्या बाईच्या घरात, कारखान्यातल्या सोबत्याकडे असा रोगी असेल, तर त्याच्या घरी दर महिन्याला काही किलो डाळ पोचवता येते. त्यासाठी कुठल्या अर्जाची गरज नाही.

आणि ज्यांना गोळी खरोखर हवी त्यांच्यासाठी एवढंच. गरोदर बाई, पांडुरोग झालेली मुलगी, मांस-अंडी-दूध काहीच न घेणारा माणूस ज्याला ब-१२ कुठूनच मिळत नाही, जुलाब झालेलं बाळ, अन्न कमी झालेले म्हातारे: यांनी ती डॉक्टरांना विचारून जरूर घ्यावी, आणि बरीचशी सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका. चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं. तासभर आधी किंवा नंतर घ्या, लिंबूपाण्याबरोबर घेतली तर अधिक लागू पडते. शौचाला काळं होईल. घाबरून ती बंद करू नका.